मज्जापेशींविना राहिलेले आतडे

रायपूर शहराशी मराठी वाचकांचा संबंध जुना आहे. नागपूर आणि रायपूर ही दोन्ही शहरे १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत एकाच प्रांतात होती. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य अस्तित्वात आले आणि रायपूर त्या राज्याची राजधानी झाले. येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली स्थापन झाले. त्याच्याशी संलग्न असलेले डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय लोकांच्या तोंडी ‘मेकाहारा’ या संक्षिप्त नावाने रूढ आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थाही येथे रुग्णसेवा देत आहे. बस्तरच्या अरण्यप्रदेशातून, महानदीच्या खोऱ्यातील भातशेतीच्या गावांतून आणि शेजारच्या ओडिशातूनही रुग्ण या शहरात येतात. गावातील उपाय थकले की येथील बाह्यरुग्ण विभागाची वाट धरावी, असा त्या भागातील शिरस्ता आहे.

अशा एखाद्या बाह्यरुग्ण विभागात सकाळच्या रांगेत उभा असलेला एक तरुण आपण डोळ्यांपुढे आणू या. हा तरुण कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हे. वैद्यकीय वाङ्मयात वर्णिलेल्या अनेक रुग्णांची सामान्य लक्षणे एकत्र करून विवेचनाच्या सोयीसाठी आपण त्याला कल्पिले आहे. वय चोवीस वर्षे. हातपाय काटकुळे, पोट मात्र मोठे व ताणलेले. त्याला आठ-आठ, दहा-दहा दिवस शौचास होत नाही. लहानपणापासून एरंडेल झाले, हरड्याचे चूर्ण झाले, गावातील बैगा-गुनियाचे मंत्र झाले, औषधांच्या दुकानातील गोळ्या झाल्या. शेवटी रबरी नळीने घरच्या घरी बस्ती घेण्याची त्याने सवय लावून घेतली. ही गोष्ट आईखेरीज कोणालाही ठाऊक नाही. त्याने शाळा अर्ध्यावर सोडली, कारण वर्गात बसणे त्याला असह्य होई. विवाहाचा विषय निघाला की तो उठून जातो. या दुखण्यात वेदनेइतकीच लज्जाही असते आणि ती लज्जाच निदानाच्या आड येते.

बद्धकोष्ठ ही अतिशय सामान्य तक्रार आहे. ती सांगणाऱ्या शेकडो माणसांपैकी बहुतेकांच्या आतड्याच्या रचनेत कोणताही दोष नसतो. आहार, पाणी, बैठे काम, वाढते वय, काही औषधे अशी तिची कारणे असतात. पण क्वचित एखाद्या प्रौढ रुग्णात या तक्रारीचे मूळ फार वेगळ्या ठिकाणी असते. त्याच्या आतड्याच्या शेवटच्या काही अंगुळे भागात जन्मतःच मज्जापेशी नसतात. या विकाराला हिर्शस्प्रुंग रोग असे म्हणतात. तो सामान्यतः नवजात बालकांचा रोग म्हणून ओळखला जातो. मात्र सौम्य स्वरूपात तो वर्षानुवर्षे न ओळखता राहू शकतो आणि विशी-तिशीत, कधी त्याहूनही उशिरा, उघडकीस येतो.

आतड्याची स्वतंत्र मज्जासंस्था

हा विकार समजण्यासाठी प्रथम निरोगी आतड्याचे कार्य पाहिले पाहिजे. आतडे ही केवळ एक नळी नव्हे. तिच्या भिंतीत स्नायूंचे दोन थर असतात. आतील थरातील तंतू वर्तुळाकार, तर बाहेरील थरातील तंतू लांबीच्या दिशेने असतात. अन्नाचा गोळा जेथे असेल त्याच्या मागे वर्तुळाकार स्नायू आकुंचन पावतो आणि पुढे तो शिथिल होतो. त्यामुळे गोळा पुढे सरकतो. मागे आकुंचन आणि पुढे शिथिलीकरण अशी ही लाट आतड्याच्या लांबीवरून जात असते. तिला क्रमसंकोच असे म्हणतात. धोतराच्या नेफ्यातून नाडी सरकविताना बोटांनी जी क्रिया आपण करतो तिच्याशी या हालचालीची ढोबळ तुलना करता येईल.

या हालचालीचे नियंत्रण कोण करते? मेंदू व मेरुरज्जू यांचा तिच्यावर प्रभाव असतो हे खरे. पण आतडे शरीरापासून अलग केले तरी काही काळ ही हालचाल चालू राहते. म्हणजे तिची सूत्रे आतड्याच्या भिंतीतच असली पाहिजेत. जर्मन शास्त्रज्ञ गेऑर्ग माइस्नर यांनी १८५७ साली आतड्याच्या श्लेष्मल अस्तराखालील मज्जातंतूंचे जाळे वर्णिले. त्यानंतर १८६२ साली लिओपोल्ड आउअरबाख यांनी स्नायूंच्या दोन थरांमधील दुसरे जाळे दाखवून दिले. या जाळ्यांत जागोजाग मज्जापेशींचे लहान पुंजके असतात. त्यांना गुच्छिका म्हणतात. १८९९ मध्ये इंग्लंडमधील बेलिस व स्टार्लिंग यांनी असे सिद्ध केले की, आतड्यात एखाद्या ठिकाणी ताण पडला असता त्याच्या वरच्या बाजूस आकुंचन आणि खालच्या बाजूस शिथिलीकरण होते व ही क्रिया आतड्यातील स्थानिक मज्जातंतूंकडून घडते. पुढे लँगली यांनी आतड्याच्या या मज्जातंतूंना स्वायत्त मज्जासंस्थेचा एक स्वतंत्र विभाग मानले. मानवी आतड्यात अशा मज्जापेशींची संख्या दहा कोटींहून अधिक असते.

या पेशींचे एक काम विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्नायूला आकुंचनाची आज्ञा देणाऱ्या पेशी त्यांत असतातच, परंतु त्याला सैल होण्याची आज्ञा देणाऱ्याही पेशी असतात. या दुसऱ्या प्रकारच्या पेशी नायट्रिक ऑक्साइडसारख्या रासायनिक दूतांच्या द्वारे स्नायूला शिथिल करतात. वाट मोकळी होण्यासाठी ढकलणाऱ्या बळाइतकीच समोरचे दार उघडणाऱ्याचीही गरज असते. गुच्छिका नसलेल्या भागात हे दार उघडणारेच कोणी नसते. बाहेरून येणारे, आकुंचन घडविणारे मज्जातंतू मात्र तेथे असतात, किंबहुना ते नेहमीपेक्षा जाड व संख्येने अधिक असतात. परिणामी तो भाग सतत आवळलेला राहतो. त्याच्यातून लाट पुढे जात नाही.

दोष एका ठिकाणी, दृश्य परिणाम दुसऱ्या ठिकाणी

आवळलेल्या भागाच्या वर मल साचत जातो. तो पुढे ढकलण्यासाठी वरचे निरोगी आतडे अधिकाधिक जोर लावते. त्याचे स्नायू जाड होतात, पोकळी फुगते आणि काही वर्षांत बृहदांत्राला प्रचंड आकार येतो. पोट उघडणाऱ्या शल्यचिकित्सकाला प्रथम दिसते ते हे फुगलेले आतडे. खालचा अरुंद भाग दिसण्यात जवळजवळ सामान्य असतो. येथेच वैद्यकशास्त्राची अर्धशतकाहून अधिक काळ दिशाभूल झाली.

आतड्याच्या अशा अवाढव्य विस्ताराचे वर्णन हॉलंडमधील शरीरशास्त्रज्ञ फ्रेडरिक राइश यांनी १६९१ सालीच एका पाच वर्षांच्या मुलीसंबंधात केले होते. आपल्याकडील आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांतही आठ उदररोगांमध्ये ‘बद्धगुदोदर’ या नावाने मलमार्ग अडून पोट फुगण्याच्या अवस्थेचे वर्णन येते. अर्थात त्या एका नावाखाली अनेक भिन्न विकार समाविष्ट असणार. त्यातील एखाद्याची आजच्या या रोगाशी गाठ घालणे योग्य होणार नाही. कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ साली बर्लिन येथील सभेत वर्षाच्या आत दगावलेल्या दोन बालकांचा वृत्तांत सादर केला, तेव्हापासून या विकाराला स्वतंत्र रोगाचे स्थान मिळाले. फुगलेले व जाड झालेले बृहदांत्र हाच मूळ रोग आहे, असे त्यांचे मत होते. ते मत पुढे कित्येक वर्षे मान्य राहिले.

मत असे असल्यामुळे उपचारही तसेच झाले. शल्यचिकित्सक फुगलेला भाग कापून काढीत आणि अरुंद भाग तसाच ठेवीत. रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचला तरी काही महिन्यांत उरलेले आतडे पुन्हा फुगू लागे. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या व चौथ्या दशकांत अनुकंपी मज्जातंतू छेदण्याच्या शस्त्रक्रियाही करून पाहण्यात आल्या. त्यांचा लाभ टिकला नाही. वास्तविक १९०१ साली टिटेल यांनी आणि १९२० साली इटलीतील दाल्ला व्हाल्ले यांनी अशा आतड्यात गुच्छिकापेशी नसल्याचे नमूद केले होते. परंतु त्या निरीक्षणाचे महत्त्व त्या काळी कोणाच्या ध्यानात आले नाही.

कोडे सुटले ते बोस्टन येथे. शल्यचिकित्सक ऑर्व्हर स्वेन्सन यांना एक गोष्ट जाणवली. ज्या मुलांच्या पोटावर आतड्याचे तोंड उघडून मलाला पर्यायी वाट करून दिली होती, ती मुले सुधारत. त्यांचे फुगलेले आतडे हळूहळू नेहमीच्या आकारावर येई. मात्र ते तोंड बंद करून मूळ मार्ग सुरू केला की लक्षणे परत येत. म्हणजे फुगलेला भाग काम करण्यास समर्थ होता आणि अडथळा त्याच्या खाली होता. बेरियमची बस्ती देऊन घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत खालचा अरुंद भाग दिसून आला. आतड्यातील दाब मोजला असता त्या भागातून क्रमसंकोचाची लाट जात नसल्याचे आढळले. तेव्हा त्यांनी फुगलेल्या भागाला दोषी न मानता खालचा अरुंद भाग काढून टाकला आणि वरचे निरोगी आतडे गुदद्वाराच्या जवळ आणून जोडले. स्वेन्सन व बिल यांनी ही शस्त्रक्रिया १९४८ साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी व्हाइटहाउस व कर्नोहन यांनी, तसेच झ्यूल्झर व विल्सन यांनी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीवरून गुच्छिकांचा अभाव हेच रोगाचे मूळ असल्याचे दाखविले. शल्यचिकित्सा व विकृतिविज्ञान या दोन वाटांनी चाललेले संशोधन अशा रीतीने एकाच निष्कर्षावर येऊन मिळाले.

गर्भावस्थेतील अपुरा प्रवास

या पेशी त्या जागी का नसतात? याचे उत्तर गर्भविज्ञानाने दिले आहे. आतड्यातील मज्जापेशी आतड्यात निर्माण होत नाहीत. गर्भाच्या अगदी आरंभीच्या काळात पाठीच्या बाजूस, मेरुरज्जूची नलिका मिटते त्या कडेवर, मज्जाशिखा नावाचा पेशींचा एक पट्टा असतो. त्यातील पेशी निघून आतड्याच्या वरच्या टोकात प्रवेश करतात. मानवी गर्भात साधारणतः चौथ्या आठवड्यात हा प्रवेश होतो आणि सातव्या आठवड्यापर्यंत त्या खालच्या टोकाशी पोहोचतात. वाटेत त्यांची संख्या वाढत असते, कारण एवढ्या लांबीचा प्रदेश व्यापावयाचा असतो. ओकामोटो व उएडा या जपानी संशोधकांनी मानवी गर्भांच्या अभ्यासावरून हा वरून खाली होणारा प्रवास १९६७ साली दाखवून दिला.

काही कारणाने हा प्रवास मध्येच थांबला, तर थांबलेल्या जागेपासून गुदद्वारापर्यंतचा सर्व भाग रिकामा राहतो. रोगग्रस्त भाग नेहमी शेवटच्या टोकापासून वर पसरलेला का असतो, याचा उलगडा यावरून होतो. सुमारे चार-पंचमांश रुग्णांत दोष गुदाशय व त्याच्या लगतच्या वळणदार बृहदांत्रापुरता मर्यादित असतो. थोड्या रुग्णांत तो बराच वर जातो आणि क्वचित संपूर्ण बृहदांत्र व्यापतो.

सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बालकात हा विकार आढळतो. मुलींच्या मानाने मुलांत तो सुमारे चौपट असतो. १९९४ साली ‘रेट’ या जनुकातील बदलांचा या रोगाशी असलेला संबंध सिद्ध झाला. त्यानंतर आणखी अनेक जनुकांची त्यात भर पडली. डाउन संलक्षण असलेल्या बालकांत हा विकार अधिक प्रमाणात दिसतो. काही कुटुंबांत तो एकाहून अधिक व्यक्तींना होतो. परंतु बहुसंख्य रुग्णांच्या घरात दुसरा कोणी रुग्ण नसतो. गरोदरपणात आईने काय खाल्ले, कोणते ग्रहण पाहिले, कोणाची दृष्ट लागली यांचा या दोषाशी काही संबंध नाही. हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, कारण अशा घरांत दोषाचे खापर बहुधा आईच्या माथी फोडले जाते.

प्रौढपणापर्यंत रोग लपतो कसा

बहुतेक बालकांत रोगाची जाणीव जन्मानंतर लगेच होते. निरोगी अर्भकाला पहिल्या चोवीस तासांत, फार तर अठ्ठेचाळीस तासांत, पहिले काळपट शौच होते. या रोगात ते होत नाही. पोट फुगते, हिरवट उलट्या होतात. तातडीने उपचार न झाल्यास आतड्याचा तीव्र दाह होऊन मूल दगावू शकते. मग काही जण उपचाराविना विशी-तिशीपर्यंत पोहोचतात ते कसे?

याचे मुख्य कारण म्हणजे रिकाम्या भागाची अल्प लांबी. हा भाग केवळ काही सेंटिमीटरचा असेल तर वरचे आतडे दीर्घकाळ जोर लावून अडथळ्यावर मात करीत राहते. रुग्ण रेचके व बस्ती यांचा आधार घेतो आणि घरचे लोक ‘याचा कोठाच जड’ म्हणून सोडून देतात. पुढे केव्हातरी ही भरपाई अपुरी पडते. फुगलेल्या आतड्याच्या स्नायूंची शक्ती संपते आणि तक्रारी झपाट्याने वाढतात. मेयो चिकित्सालयातील रोझिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली चोपन्न वर्षांच्या एका पुरुषातील अशा रोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या सहा दशकांत बालपणानंतर निदान झालेले सुमारे पाचशे रुग्ण जागतिक वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले. प्रत्यक्षातील संख्या याहून जास्त असणार, कारण निदान न झालेल्यांची नोंद कोठेच होत नाही.

न ओळखलेला रोग निरुपद्रवी असतो असे मात्र मुळीच नाही. अवाढव्य झालेल्या आतड्याला पीळ पडू शकतो. मग त्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत रुग्णाचे प्राण धोक्यात येतात. कडक झालेल्या मलाच्या दाबाने आतड्याच्या भिंतीला व्रण पडून ती फुटू शकते. आतडे पूर्णपणे अडल्याने प्रौढपणी प्रथमच रुग्णालयात येणारे रुग्णही असतात. घरी घेतल्या जाणाऱ्या बस्तीचाही एक धोका आहे. फुगलेल्या आतड्यात साध्या पाण्याची मोठी मात्रा अडकून राहिली तर ते पाणी रक्तात शोषले जाते, रक्तातील क्षारांचे प्रमाण बिघडते आणि बेशुद्धीही येऊ शकते. त्यामुळे रुग्णालयात या कामासाठी मिठाचे योग्य प्रमाणातील द्रावण वापरले जाते. कोंडा, पालेभाज्या, इसबगोल यांचा सामान्य बद्धकोष्ठात उपयोग होतो. पण पुढची वाटच बंद असेल तर त्यांनी मलाचा साठा वाढतो व पोट अधिक फुगते.

निदानाच्या पायऱ्या

आता आपल्या कल्पित तरुणाकडे परत वळू. अनुभवी चिकित्सक त्याला पहिला प्रश्न विचारील तो असा: ‘हा त्रास केव्हापासून आहे?’ प्रौढपणी सुरू झालेल्या बद्धकोष्ठात चिकित्सक अवटू ग्रंथीची मंदता, मधुमेह, कंपवात, मेरुरज्जूची इजा, अफूजन्य वेदनाशामके आणि उतारवयात आतड्याचा कर्करोग यांचा विचार करील. दक्षिण अमेरिकेत शागास रोगाच्या परजीवी जंतूंमुळेही आतड्यातील गुच्छिका नष्ट होतात व बृहदांत्र असेच फुगते. मात्र तेथे पूर्वी असलेल्या पेशी पुढे नाश पावतात, तर हिर्शस्प्रुंग रोगात त्या मुळात पोहोचलेल्याच नसतात. ‘मला आठवते तेव्हापासून’ असे उत्तर आले, तर चिकित्सक रुग्णाच्या आईकडे वळेल. जन्मल्यावर पहिले शौच केव्हा झाले? तान्हेपणी पोट फुगत असे काय? अंगावरच्या दुधावरून वरच्या अन्नावर आणल्यावर त्रास वाढला काय? खेडेगावातील प्रसूतीची लेखी नोंद नसली तरी आईच्या स्मरणात या गोष्टी असतात. तिला सहसा कोणी त्या विचारलेल्या नसतात, इतकेच.

यानंतर पोट व गुदाशय यांची हाताने तपासणी होते. पोटात मलाचे कठीण गोळे हाताला लागतात. गुदाशय मात्र पुष्कळदा रिकामा असतो, कारण मल आवळलेल्या भागाच्या वरच अडकलेला असतो. दोष अत्यंत आखूड असेल तर हे लक्षण दिसत नाही. सामान्य जुनाट बद्धकोष्ठात कपड्यांना नकळत मल लागणे आढळते, ते या रोगात सहसा आढळत नाही.

बेरियमची बस्ती देऊन क्ष-किरण चित्र घेतले असता खाली अरुंद नळी, वर फुगलेले आतडे आणि त्या दोहोंच्या मध्ये नरसाळ्याच्या आकाराचा भाग दिसतो. ही तपासणी आतड्याची पूर्वतयारी न करता करतात, अन्यथा रुंदीतील फरक पुसट होतो. दुसरी तपासणी दाबमापनाची असते. गुदाशयात लहान फुगा ठेवून तो फुगविला की निरोगी माणसात गुदद्वाराचा आतील परिसंकोचक स्नायू आपोआप सैल पडतो. या रोगात तो सैल पडत नाही. गुदाशय फार मोठा झालेला असेल तर लहान फुग्याने त्याला ताण बसत नाही आणि निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

म्हणून अंतिम निर्णय जीवोतक परीक्षेने होतो. गुदाशयाच्या भिंतीचा छोटा तुकडा काढून विकृतिवैज्ञानिक तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. गुदद्वाराच्या अगदी जवळच्या पट्ट्यात निरोगी माणसातही गुच्छिका विरळ असतात. त्यासाठी तुकडा योग्य उंचीवरून आणि पुरेशा खोलीचा घ्यावा लागतो. प्रौढांत भिंत जाड असल्याने स्नायूंसह पूर्ण जाडीचा तुकडा घेणे पुष्कळदा इष्ट ठरते. गुच्छिकापेशींचा अभाव आणि जाड झालेले मज्जातंतू या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की निदान निश्चित होते. विशिष्ट रंजकद्रव्यांच्या आधारे हे काम आता अधिक खात्रीने करता येते. ‘काहीतरी नाही’ हे सिद्ध करणे ‘काहीतरी आहे’ हे सिद्ध करण्यापेक्षा कठीण असते. पेशी दिसल्या नाहीत त्या खरोखर नाहीत म्हणून, की तुकडाच अपुरा होता म्हणून, याचा निवाडा विकृतिवैज्ञानिकाला करावा लागतो. शंका असल्यास दुसरा तुकडा मागण्यात त्याने संकोच करू नये आणि रुग्णानेही त्यामुळे नाराज होऊ नये.

उपचार

या रोगावर औषध नाही. नसलेल्या पेशी गोळीने निर्माण होत नाहीत. उपचार शस्त्रक्रियेचा असून त्याचे तत्त्व स्वेन्सन यांनी घालून दिलेलेच आहे. ते असे: गुच्छिका नसलेला भाग मार्गातून दूर करावा आणि गुच्छिका असलेले आतडे गुदद्वारापर्यंत आणावे. १९५६ साली फ्रान्समधील द्युहामेल यांनी एक नवी रीत सांगितली. त्यांनी गुदाशय जागीच ठेवून निरोगी आतडे त्याच्या मागून खाली आणले व दोहोंच्या भिंती एकमेकींस जोडून एकच पोकळी केली. इटलीतील सोआव्हे यांच्या रीतीत गुदाशयाचे केवळ आतील अस्तर सोलून काढतात आणि उरलेल्या स्नायूंच्या बाहीतून निरोगी आतडे ओढून घेतात. १९९८ पासून लहान मुलांत पोट न उघडता केवळ गुदद्वारातून ही शस्त्रक्रिया करण्याची पद्धत रूढ होत गेली.

प्रौढांत मात्र अडचणी अधिक असतात. श्रोणीची पोकळी खोल असते आणि आतडे वर्षानुवर्षे फुगून राहिल्याने जाड व मोठे झालेले असते. त्याचे टोक गुदद्वाराच्या अरुंद भागाशी नीट जुळत नाही. म्हणून काही रुग्णांत प्रथम पोटावर आतड्याचे तात्पुरते तोंड उघडतात. काही महिन्यांत आतडे आकसले व रुग्णाचे पोषण सुधारले की मुख्य शस्त्रक्रिया करतात. प्रौढांत द्युहामेल यांची रीत पुष्कळ शल्यचिकित्सकांना पसंत असते, कारण तिच्यात गुदाशयाच्या पुढच्या बाजूस, मूत्राशय व जननेंद्रिय यांच्या मज्जातंतूंजवळ, कमी कापाकापी करावी लागते. तरुण रुग्णाच्या दृष्टीने ही बाब गौण नव्हे. दोष अत्यंत आखूड असेल तर गुदद्वाराजवळील स्नायूची पट्टी कापून काढणे काही वेळा पुरेसे होते. आतडे कोठपर्यंत काढावयाचे हे नुसत्या नजरेने ठरवीत नाहीत. शस्त्रक्रिया चालू असतानाच तुकडा गोठवून तपासला जातो आणि गुच्छिका आढळल्या त्या जागेच्या वर जोड घेतला जातो.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांना स्वतःहून शौचास होऊ लागते. काहींच्या बाबतीत थोडे बद्धकोष्ठ उरते, काहींना मलावर ताबा मिळण्यास महिने लागतात, तर काहींत आतड्याचा दाह उद्भवू शकतो. जोड सैल होणे, जखमेत पू होणे हे कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेचे धोके येथेही असतात. हे सर्व रुग्णाला आधी सांगितले पाहिजे. पोटावर काढलेले तात्पुरते तोंड पाहून घरची माणसे घाबरतात आणि पुढील शस्त्रक्रियेसाठी परत येत नाहीत. ते का केले आहे, किती काळ राहणार आहे, पिशवी कशी बदलावयाची, हे रुग्णाच्या भाषेत समजावून सांगण्यास लागणारा अर्धा तास शस्त्रक्रियेतील कौशल्याइतकाच मोलाचा असतो. दूरच्या गावाहून आलेल्या माणसाच्या बाबतीत तर तो विशेष मोलाचा ठरतो, कारण त्याचा दुसरा फेरा मजुरी बुडवून आणि उसने पैसे घेऊन होणार असतो.

समारोप

या विवेचनाचा वाचकांनी वेडावाकडा अर्थ घेऊ नये. बद्धकोष्ठ असलेल्या प्रत्येक माणसाने आपल्याला हिर्शस्प्रुंग रोग आहे असे समजून शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे चूक होईल. हा विकार दुर्मिळ आहे आणि जीवोतक परीक्षेशिवाय शस्त्रक्रियेचा विचारही होत नाही. पण काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यास उशीर करू नये. त्रास जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून असणे, रेचक वा बस्ती यांवाचून शौचास मुळीच न होणे, पोट कायमचे फुगलेले असणे, वाढ खुंटणे यांपैकी खुणा एकत्र आढळल्यास शल्यचिकित्सक व विकृतिवैज्ञानिक दोघेही असलेल्या रुग्णालयात जाणे श्रेयस्कर आहे. पोटात एकाएकी तीव्र कळा येऊन वायू सरणेही बंद झाले व उलट्या सुरू झाल्या, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठले पाहिजे. घरात नवे मूल जन्मले असता पहिल्या दिवसात त्याला शौच झाले की नाही, याकडे सुईण, परिचारिका आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांनी आवर्जून लक्ष द्यावे. तेवढ्याने पुढील वीस वर्षांचे दुःख टळू शकते.

आपल्या कल्पित तरुणाला चिकित्सकाने काय सांगावे? तुझा कोठा जड नाही, तुझ्या आहारात पाप नाही आणि तुझ्या आईचीही काही चूक झालेली नाही, हे आधी सांगावे. आतड्याच्या शेवटच्या वीतभर भागात काही पेशी तू जन्मण्यापूर्वीच पोहोचावयाच्या राहून गेल्या. त्या आता आणता येणार नाहीत, परंतु तो भाग दूर करता येतो. चोवीस वर्षे जी गोष्ट केवळ आईला ठाऊक होती, ती त्याने एका अनोळखी माणसाला रांगेत उभे राहून सांगितली आहे. तिचे गांभीर्य ओळखून पुढील तपासण्यांची चिठ्ठी त्याच दिवशी त्याच्या हाती देणे, हे वैद्यकाचे कर्तव्य होय.